भावजींचा डावा गाल

आमच्या थोरल्या भावजींनी जन्मात एखादी गोष्ट पहिल्या नजरेत पास केली, असं कोणी मला पुराव्यानिशी दाखवून दिलं, तर शाहूपुरीतलं माझं पार्लर खुर्च्या-आरशांसकट त्याच्या नावावर करून द्यायला मी तयार आहे. मुलगी बघायला गेलेला हा माणूस मुलगी पसंत असूनही दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिच्या दारात हजर झाला होता. का, तर आदल्या संध्याकाळी लाइट गेली होती आणि कंदिलाच्या उजेडातली पाहणी त्यांच्या हिशेबी धरण्यासारखी नव्हती. मुलीच्या वडलांनी विचारलं, "पावणं, काय इसरून गेलता काय?" तर हे म्हणाले, "न्हाय. उजेडात बघायचं राह्यलंय." यावर आतून आमच्या जाऊबाई म्हणाल्या म्हणे, "मग मलाबी त्यास्नी उजेडात बघू द्या की." आणि त्यांनी भावजींना अंगणात उन्हात उभं करून, पुढून-मागून बघून, पास केलं. जाऊबाईंचा फोटो मी बघितलाय, त्यांची माझी गाठ पडली नाही. पण या एका वाक्यामुळे त्या मला सख्ख्या बहिणीसारख्या वाटतात.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. ओतून आलेला लोखंडाचा भाग भिंगाखाली धरायचा, मापाने मोजायचा, चांगला असेल तर पुढे सोडायचा, आणि कुठे भोक किंवा चीर दिसली की लाल खडूने फुली मारून बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाचा हात घरी येऊन गप्प बसेल होय? शर्टाच्या खिशात पेनाशेजारी लाल खडू कायम असायचा. कसबा बावड्याच्या बाजारात किडक्या वांग्यावर फुली, एस. टी. स्टँडवरच्या हलणाऱ्या बाकड्यावर फुली, शेजाऱ्यांच्या नव्या बंगल्याच्या वाकड्या पायरीवर तर वास्तुशांतीच्या दिवशीच फुली. भाजीवाली एकदा ओरडली, "पावणं, भाजी घ्यायला आलाय का भंगार उचलायला?" भावजी शांतपणे म्हणाले, "मावशी, ह्यो माल तू घरी खाशील काय? मग?" तिने ते वांगं मुकाट्याने उचलून मागे टाकलं.

मी नवी नवरी म्हणून घरात आले आणि पहिली भाकरी त्यांच्या ताटात वाढली, तर या गृहस्थांनी खिशातून व्हर्नियर काढला. जाडी मोजायचं ते पोलादी माप असतं ना, तेच. भाकरीची कड चार ठिकाणी मोजली, "मधी जाड हाय, कडंला बारीक," एवढं बोलले आणि ताटाच्या काठावर लाल फुली! मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून रडले. नंतर सासूबाईंनी सांगितलं, की फुलीची भाकरी त्याने खाल्ली, शिवाय आणखी दोन मागून घेतल्या. हा माणूस माल नापास करतो, टाकून देत नाही, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर खड्डेच खड्डे. त्याचं त्यांना काडीचं वाईट वाटत नसे. "माझं ओतकामच भोकाचं हाय," म्हणायचे, "पण मशिन चालतंय न्हवं?" जाऊबाई गेल्या तेव्हा त्यांची सुजाता दीड वर्षाची होती. तेव्हापासून पोरगी बापाच्या डाव्या हातावरच वाढली. उजव्या हातात डबा, नाहीतर पिशवी, नाहीतर खडू. त्यामुळे तिच्या तोंडासमोर कायम त्यांचा डावा गाल. मी लग्न होऊन आले तेव्हा ती चार वर्षांची होती आणि रोज झोपताना त्या गालावरच्या खड्ड्यांत एकेक बोट ठेवून मोजायची. अंक ती पाटीवर शिकली नाही, तिथेच शिकली. पुरते सत्तावीस होते. एखादा सुटला की भावजी डोळे न उघडता म्हणायचे, "तेरा राह्यलं. परत एकपासनं."

आता पुढचं सांगायला मला जड जातंय, पण सांगते, कारण चूक माझी होती. सहा महिन्यांचा कोर्स करून मी पार्लर काढलं होतं आणि हाताला खाज होती. सुजाता अकरावीत होती, तोंडभर पुटकुळ्या उठलेल्या. कॉलेजचं गॅदरिंग दोन दिवसांवर. ती म्हणाली, "काकी, काहीतरी कर की." मी वाफ दिली, खरखरीत क्रीमने घासलं, आणि एकेक पुटकुळी चिमटीत धरून दाबून काढली. वर शाबासकी हवी म्हणून तिला आरसा दाखवला. तिसऱ्या दिवशी तोंड भोपळ्यासारखं सुजलं. सूज उतरली, पण गालांवर खड्डे ठेवून गेली. त्यानंतर त्या पोरीने जो स्कार्फ तोंडाला बांधला तो बांधलाच. गाडीवरच्या सगळ्याच मुली बांधायच्या, पण ही घरातही बांधायला लागली. जेवायला भिंतीकडे तोंड करून बसायची. डी. एड. झाली, चांगल्या मार्कांनी झाली. पहिलीच्या पोरांना शिकवायचं हे तिचं लहानपणापासूनचं वेड. आणि मुलाखतीचं पत्र आलं की फाडून टाकायची. "पोरं दिवसभर तोंडाकडंच बघत्यात, काकी," एवढंच म्हणायची. दोन पत्रं फाडली. भावजींनी ते तुकडे जुळवून, चिकटवून, कपाटात ठेवले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

अशात मुंबईच्या एका प्रदर्शनातून मी तो रोलर आणला. लहानसं लाटणं म्हणा ना, मुठीत मावेल एवढं, आणि त्याच्यावर चहूबाजूंनी केसासारख्या बारीक सुया. चेहऱ्यावरून फिरवला की कातडीला सूक्ष्म भोकं पडतात, आणि ती भरून येताना कातडी नवी होते, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. मी पार्लरला न थांबता थेट बावड्याला घरी गेले. "सुजी, स्कार्फ सोड, आजच करू," म्हणाले. तर मागून भावजींचा हात आला आणि रोलर माझ्या हातातून गेला.

"ह्याचं ड्रॉइंग कुठाय?"

"भावजी, लाटण्याला कसलं ड्रॉइंग?"

"सुई किती लांब, किती सुया, लोखंड कसलं, कुणी तपासलं? पोरीच्या तोंडावर जाणार हाय ह्ये. शेणावर न्हवं."

सोमवारी रोलर कंपनीत गेला. तिथे वस्तूची सावली पडद्यावर पन्नास पट मोठी करून दाखवणारं एक यंत्र असतं. त्यावर ट्रकच्या भागांऐवजी माझा रोलर चढला आणि अख्खी शिफ्ट जेवण सोडून बघायला जमली. एकशे ब्याण्णव सुयांतल्या तीन टोकाला वाकलेल्या निघाल्या, मासे धरायच्या गळासारख्या. डब्यावर पाव मिलिमीटर छापलेलं, प्रत्यक्षात सुई त्याच्या दुप्पट. भावजींनी रोलर परत आणून माझ्यासमोर ठेवला. दांड्यावर लाल फुली. "ह्या तीन सुया भोक पाडणार न्हाईत, फाडणार हाईत," म्हणाले. आदल्याच दिवशी हा मी तिच्या गालावर फिरवणार होते. मुंबईच्या विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, इतकी वर्षं धंदा करतोय, सुया मोजणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा भेटलं." दुसरा रोलरही नापास झाला. तिसऱ्यावर भावजी अर्धा तास बसले आणि नाइलाजाने म्हणाले, "ह्यो चालंल."

चालंल म्हणजे लगेच चालंल असं थोडंच? आधी कातडीच्या डॉक्टरीणबाई. भावजी वही घेऊन गेले, आम्ही दोघी मागे. बाई शांत स्वभावाच्या होत्या म्हणून निभावलं. त्या म्हणाल्या, "खोल खड्ड्यांना लांब सुया लागतात, ते काम माझं, इथं, बधिर करून. घरी फक्त पाव मिलिमीटर, तोही मधल्या काळात, हलक्या हाताने. आणि तोंडावर एकही जिवंत पुटकुळी असताना अजिबात नाही, जंतू सगळीकडे पसरतात. आधी औषधाने पुटकुळ्या थांबवू." भावजींनी विचारलं, "एकाचा रोलर दुसऱ्याला?" "कधीच नाही." "व्रण फुगायची सवय असली तर?" "तर हातच लावायचा नाही." असं तासभर. बाहेरची पेशंट मंडळी चुळबुळ करायला लागली. शेवटी बाईंनीच विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का हो?" भावजी म्हणाले, "न्हाय, बाई. बाप हाय."

मला वाटलं, झालं एकदाचं, आता येत्या रविवारी सुरू. तर कसचं काय! भावजींनी जाहीर केलं, की कुठलीही नवी पद्धत थेट चालू मालावर वापरत नाहीत, आधी ट्रायल पीसवर घेतात. ट्रायल पीस म्हणजे ते स्वतः. तेही सहा महिने. तेही फक्त उजव्या गालावर. "आणि डावा?" मी विचारलं. "डावा मास्टर पीस," ते म्हणाले. म्हणजे फाउंड्रीत एक नमुना कपाटात कुलपात ठेवतात, त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि बाकी सगळा माल त्याच्याशी ताडून बघायचा. डावा गाल जसाच्या तसा राहिला तरच उजव्यात फरक पडला की नाही ते कळणार. डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला, पण "तुमच्या जुन्या खुणांना फारसा फरक पडणार नाही," असं बजावून परवानगी दिली.

तीन आठवड्यांतून एक रविवार ठरला. काय तो थाट! आरशाशेजारी भिंतीवर नियमांचा कागद. साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. रोलर स्पिरिटमध्ये दहा मिनिटं, त्यासाठी गजराचं घड्याळ. मग स्टीलच्या धुतलेल्या डब्यात तो आपोआप वाळेपर्यंत कुणी खोकायचंसुद्धा नाही. तोंड धुऊन कोरडं. तीळ आणि डोळ्यांभोवतीचा भाग सोडायचा. उभा फिरवायचा, उचलायचा, मग आडवा, मग तिरका. थोरला दीर म्हणजे सासऱ्याच्या जागी, त्यामुळे दिवसाला दहा तोंडं हाताळणारी मी, यांच्या गालाला हात लावायची सोय नाही. मी तीन हातांवरून ओरडायची, "भावजी, हलकं! कणीक न्हाय ती!" आणि ते आरशात बघून म्हणायचे, "तू बोलू नकोस, थुंकी उडती." नंतर दोन दिवस ऊन नाही, धूळ नाही, भट्टीची धग नाही. म्हणून त्यांनी नोकरीतली पहिली सलग रजा घेतली आणि अर्जात कारण लिहिलं: गालाची ट्रायल. साहेबांनी अर्ज फ्रेम करून लावला, असं ऐकलं. आमच्या ह्यांनी एकदा कुणी नसताना तो रोलर टकलावर फिरवून बघितला. भावजींना सुईला चिकटलेला एक केस सापडला. बास. रोलर झाकणाच्या बरणीत बंद, बरणीवर फुली, पुढच्या खेपेला पुन्हा तपासून नवा रोलर, आणि सख्ख्या भावाशी आठवडाभर अबोला.

सहा महिन्यांनी त्यांनी खोलीत अंधार करून दोन्ही गालांवर बाजूने बॅटरी मारली, आणि मला आणि सुजाताला बघायला लावलं. उजव्या गालाची कातडी जराशी मऊ वाटत होती, खड्डे होते तिथेच होते. भावजींनी निकाल दिला, "नुकसान न्हाय. फायदा थोडा. पास." पास! या घरात आल्यापासून मी तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. सुजाताच्या पुटकुळ्याही एव्हाना औषधाने थांबल्या होत्या. डॉक्टरीणबाईंकडची पहिली खेप झाली, आणि त्यांनी सांगितलेली मुदत संपल्यावर घरच्या रविवारांना सुरुवात झाली.

पहिल्या रविवारी तिने आरशासमोर बसून स्कार्फ सोडला. चार वर्षांनी मी तिचं तोंड दिवसाच्या उजेडात बघत होते. भावजी शेजारी बसले, आपला रोलर वेगळा, तिचा वेगळा, आणि दोघं एका आरशात बघून आपापल्या गालाला लागले. मला तिथे उभं राहवेना.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी तिच्या हनुवटीवर एक पुटकुळी होती. एकच, मोहरीएवढी. त्याच महिन्यात मुलाखतीचं तिसरं पत्र आलं होतं, मला घाई होती. म्हटलं, "एवढ्याशानं काय हुतंय? ती सोडून बाजूनं फिरवूया." भावजी उठले आणि आरशावर, बरोबर तिच्या हनुवटीपाशी, लाल फुली मारली. "लाइन बंद," म्हणाले. माझं टाळकं सटकलं. मी म्हणाले, "भावजी, तुमच्या ह्या नियमांनी पोरगी म्हातारी हुईल! जगात सगळी माणसं काय मापं घेऊन जगत्यात काय?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदा घाई झाली न्हवं, सुमन?"

मी स्वयंपाकघरात गेले. ओट्याला धरून उभी राहिले आणि किती वर्षांचं साठलेलं रडले कोण जाणे. थोड्या वेळाने मागे पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज आला. भावजी दारात उभे होते, जमिनीकडे बघत. "फुली घाईवर मारलीया," ते म्हणाले. "तुझ्यावर न्हाय. तुझ्यावर कवाच मारली न्हाय." मी म्हणाले, "भाकरीवर मारली होती." तर म्हणाले, "ती खाल्लीबी हुती की." मग मला रडताना हसू आलं.

मुलाखतीच्या दिवशी भावजी तिला लुनावर घेऊन गेले. बावड्यात लुनावर हेल्मेट घालणारा पहिला आणि कित्येक वर्षं एकमेव माणूस तोच. पोरं त्यांना अंतराळवीर म्हणायची. सुजाताच्या तोंडाला स्कार्फ, वर हेल्मेट. मी रिक्षाने मागोमाग गेले, घरी बसवेना. शाळेच्या फाटकापाशी तिने हेल्मेट काढलं. मग थोडा वेळ नुसती उभी राहिली. खड्डे होते हो. कमी झाले होते, उथळ झाले होते, पण ज्याला बघायचे त्याला दिसत होते. भावजी गाडीचा आरसा पुसत बसले. तिने स्कार्फ सोडला, घडी घातली, बापाच्या हातात दिली. आत जाता जाता म्हणाली, "आबा, बघा, कुठं काय राह्यलंय काय?" भावजींनी तिच्याकडे उन्हात नीट बघितलं. "जा," म्हणाले. ती आत गेल्यावर त्यांनी तो स्कार्फ खिशात कोंबला, खडूच्या खिशातच, आणि त्याला कायमचा लाल डाग पडला.

नोकरी लागली. पहिल्या महिन्यातच एका पोराने वर्गात विचारलं, "बाई, तुमच्या गालाला काय झालंय?" हे ती आम्हाला हसत हसत सांगत होती. "मी म्हटलं, ये, मोज बघू. दहापर्यंत गेला आणि पुढचं ईना, मग पुढचं शिकवलं." भावजी पेपर वाचत होते. पेपर बराच वेळ त्याच पानावर राहिला. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, गडहिंग्लजला दिली. विहारात पांढऱ्या साडीत बसली होती, तोंडाला मी फक्त पावडर लावली, कारण जास्त काही लावायची माझी छातीच झाली नाही. वंदना चालू असताना भावजी हात जोडून बसले होते, आणि एकदाही खिशाकडे हात गेला नाही.

ते रिटायर झाले, सुजाताला मुलगी झाली, घर रिकामं झालं. त्यांच्या चेहऱ्याच्या दोन बाजू मात्र दोन तऱ्हेच्या राहिल्या. फोटोत तर स्पष्ट कळायचं. एका शनिवारी मी न राहवून म्हणाले, "भावजी, काम संपलं की आता. मास्टर पीस कशाला कुलपात ठेवताय? नवा रोलर आणते, डावा गाल पण करून टाकू. दोन्हीकडून सारखं दिसू दे."

"मास्टर पीसला हात लावत न्हाईत," ते म्हणाले.

"पण आता ताडून बघायचंय काय?"

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली, सुजाता आली, आणि तिची तीन वर्षांची लेक "आज्जा" म्हणत धावत येऊन त्यांच्या डाव्या हातावर चढली. चढली ती थेट गालाला लागली. "एक, दोन, तीन..." बोट एकेका खड्ड्यात. मी पातेलं हातात घेऊन तिथेच उभी राहिले. सुजाताही चप्पल काढायची थांबली. पोरगी हुशार, आईवर गेलेली. बारा झाले, तेरा झाले, वीस झाले. मीही मनात मोजत होते. एकही सुटला नाही. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. बरोबर सत्तावीस, अगदी चोख. टाळ्या वाजवून तिने आज्जाकडे बघितलं.

भावजींनी डोळे मिटलेले होते. ज्या माणसाने जन्मात कधी चांगल्या मालावर फुली मारली नाही, तो सरळ सरळ खोटं बोलला.

"तेरा राह्यलं," ते म्हणाले. "परत एकपासनं."